डावा कान

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा धुळ्याला एका शाळेत शिकवत होते आणि देवपुरात दोन खोल्यांत एकटीच राहत होते. माय असोद्याला मोठ्या भावाकडे असायची. नाना, म्हणजे माझे वडील, जाऊन काही वर्षं झाली होती. मायचे गुडघे पार कामातून गेले होते. खाली बसली की उठवायला माणूस लागायचं, म्हणून ती बसायचीच नाही. खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर, एवढाच तिचा दिवस. जळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोटात आग पडायची. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिला माझ्याकडे घेऊन आले.

आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. कुठल्याशा शिबिरात त्या कानावरच्या जागा दाबून दुखणं कमी करायला शिकल्या होत्या. आईच्या पोटात बाळ उलटं असतं तसा कानात सगळा देह असतो, पाळीत डोकं आणि वर पाय, असं त्या सांगत. गुडघ्याच्या जागी मोहरीचा दाणा चिकटपट्टीने बसवायचा आणि अधूनमधून कान गरम होईपर्यंत दाबत राहायचं, एवढाच उपचार. माझा फारसा विश्वास नव्हता, पण त्यात बिघडण्यासारखंही काही दिसत नव्हतं.

मी मायला त्यांच्या घरी घेऊन गेले. बाईंनी तिला आधीच सांगितलं, "अक्का, झिजलेला गुडघा यानं नवा होणार नाही. कळ कमी झाली तर झाली."

"तेवढी झाली तरी पुष्कळ," माय म्हणाली.

उजव्या कानावर दाणे बसले. कुठल्या जागी जास्त दुखतं ते माय नीट सांगत होती. मग बाई खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि डाव्या कानाला हात लावणार, तोच मायने झटकन तळहाताने कान झाकला. मला वाटलं, कुडी ओढली गेली असेल.

बाई तिथूनच हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, हात काढा, दुखवणार नाही मी."

माय समोर भिंतीकडे बघत राहिली. तिला ऐकूच गेलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पुढे येऊन तिला समजावलं, बॅटरी आणून कानात उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"पडदा फाटलेला आहे. फार जुनं दिसतंय. कशानं झालं?"

"मार लागला व्हता."

"पडलात का?"

"नाही. हिच्या बापानं मारलं व्हतं," माझ्याकडे मान करून माय म्हणाली. एसटी किती वाजता सुटते हे सांगावं तसा तिचा आवाज होता.

माझे नाना बैलावर आसूड उगारत नसत. घरात मोठ्यानं बोलत नसत. लहानपणी मला ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसणारा हा माणूस. मायचं वय झालंय, ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय, असंच मला वाटलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "माय, आजोबांनी मारलं होतं ना तुला?"

"सासऱ्यानं कायले मारलं असतं? तुह्या बापानंच मारलं."

मग तिने सगळं सांगितलं. माझा जन्म अजून व्हायचा होता. तिची आई आजारी असल्याचा निरोप आला होता. कापूस वेचणीचे दिवस, सासू सोडेना. माय कुणाला न विचारता माहेरी गेली आणि दोन दिवसांनी परतली. अंगणात सगळे जमलेले. सासू काहीतरी बोलली आणि नाना उठले. एकच थप्पड. कानातून रक्त आलं, पुढे पू झाला, लसणाचं तेल घालत राहिले. नंतर त्या बाजूने आवाज यायचा बंद झाला.

"मग?"

"मंग काय. त्याईनं पुन्हा कधी हात उचलला नाही. बसले तर माह्या उजव्या अंगालेच बसत."

ते खरं होतं. लग्नात, मंदिरात, बसच्या बाकावर नाना नेहमी तिच्या उजवीकडे असत. मला ती त्यांची सवय वाटायची.

"तुला राग नाही आला कधी?"

"आला ना. खूप वर्षं आला," ती म्हणाली आणि उजवा कान दाबू लागली.

डाव्या कानाला तिने शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. बाईंनी एका कानावरच काम चालवलं. सुटी संपत आली तेव्हा मायची कळ बरीच उतरली होती. जिना चढता येत नव्हता, पण पाटावर बसून स्वतःची स्वतः उठू लागली. यात दाण्यांचा गुण किती आणि दुखणारी जागा कुणी आस्थेने विचारण्याचा किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिला असोद्याला सोडायला गेले तेव्हा केळीच्या बागेत भावाला गाठून मी सगळं सांगितलं. तो बांधावर बसून होता. त्याला धक्का बसेल म्हणून मी शब्द जपून वापरत होते.

"मले माहीत शे," तो म्हणाला. "मी व्हतो ना तिथं. ओट्यावर."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"कोणापाशी बोलू? नाना त्यानंतर माह्यासंगे डोये मिळवून बोलले नाहीत कधी."

आधीचा धक्का ओसरला नव्हता, त्यावर हा बसला. एकाच घरात आम्ही दोघं दोन वेगळ्या बापांजवळ वाढलो होतो.

पितृपक्षात नानांच्या तिथीला मी असोद्याला गेले. मला वाटलं होतं, माय या वर्षी लांबच राहील. ती चुलीपुढे पाटावर बसून वडे थापत होती, नानांना आवडायचे तसे, जाडसर. तिचे दोन्ही हात पिठात होते.

"जरा कान दाब माहा," ती मला म्हणाली, "गुडघा ठणकून राह्यला."

मी तिच्या उजवीकडे बसले आणि दाणा दाबत राहिले. कढईत वडे फुगत होते. मला तिला बरंच काही विचारायचं होतं, पण ती म्हणाली, "हळू दाब," आणि मी हळू दाबू लागले.