घरात शिमला, डोंगरावर हातगड

नातीला घराच्या कोंडवाड्यातून सोडवायला म्हणून आम्ही निघालो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, पासष्टीच्या बाईला किल्ला चढायची हुक्की कशी आली! मखमलाबादला आमचा मळा आहे, शेवंती न् गुलाबाचा. चाळीस वर्षं मी नाशिकच्या फुलबाजारात बसते. पण त्यापलीकडे गेले ती वणीच्या देवीला, नाहीतर मनमाडला लेकीकडे. नुसतं बघायला म्हणून कुठं जायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तर माझी नात सोनल, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. डिसेंबरात सुट्टी लागली आणि पोरगी दाराबाहेर पडेना. मळ्यात येईना, ओट्यावर बसेना, खिडकीला पडदा. जेवण दोन घास. सून म्हणाली, "आत्या, दृष्ट लागली का हो हिला?" मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. पाचव्या दिवशी माझ्याजवळ बसून गजरे करता करता ती हळूच म्हणाली, "आजी, मी शिमल्याला गेलेय."

मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मग कळलं. नेटवर अशी एक जागा असते म्हणे, जिथं ज्याचं त्याचं पान असतं. आपण फोटो टाकायचे, मैत्रिणींनी खाली लिहायचं. वर्गातल्या पोरी कुणी गोव्याला गेलेल्या, कुणी केरळला. आमची घरात हार ओवत बसलेली. हिनं लिहून टाकलं, "आठवडाभर शिमला!" आणि कुठूनसे बर्फाचे फोटो उतरवून लावले.

"पण त्यात तू कुठं दिसतेस?"

"फोटो मीच काढतेय ना आजी. मी कशी दिसणार?"

खरं सांगते, मला आधी कौतुकच वाटलं. खुर्चीवर बसल्या बसल्या पोरगी बर्फात जाऊन आली आणि माणसांनी ते पाहिलंसुद्धा! पण तिचे डोळे बघितले आणि कौतुक विरलं. कुणी काय लिहिलं ते दिवसातून वीसदा बघायची. कुणी नाही लिहिलं तर रडायची. आणि त्यांच्या वर्गातली केतकी पंचवटीत राहते, ती रस्त्यात दिसली तर? म्हणून हिनं स्वतःला कोंडून घेतलेलं.

"आणि कॉलेज उघडल्यावर?"

"मी जाणारच नाही आता. कुणी विचारलं तर काय सांगू?"

इथं मात्र मी हातातला गजरा खाली ठेवला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ही पहिली पोरगी. मी चौथीत शाळा सोडली ती धाकट्या भावंडांना सांभाळायला. ही एका खोट्या फोटोपायी सोडणार?

"चल," म्हटलं, "खरंच कुठंतरी थंडीत जाऊ. तू नाशकात नसलीस म्हणजे झालं ना?" मुलगा हसून म्हणाला, "आई, शिमला म्हणून सापुतारा होय?" होय म्हटलं.

सकाळची एसटी धरा, खिडकी मिळते. मला म्हातारपणाचं अर्धं तिकीट, सोनलला पुरं. ती डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून बसली होती, नाशिक सुटलं तरी सोडेना. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. वणीला गाडी थांबते तेव्हा खाऊन घ्या, पुढं घाट आहे. मी मिसळ खाल्ली, इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी. वणीहून देवीच्या डोंगराला हात जोडले. घाट सुरू झाला आणि मी बोलणंच विसरले. माझं बोलणं थांबलं म्हणून सोनलनं वळून पाहिलं, एवढी नवलाई!

सापुताऱ्याला डोंगराच्या डोक्यावर तळं आहे. एवढ्या उंचावर ते पाणी धरून कसं राहतं, मला अजून उमगलं नाही. होडीत बसलो. नदीकाठी जन्म गेला, पण होडीत बसले ती त्या दिवशी पहिल्यांदा. मी पाण्यात हात घालून बसले, होडीवाला म्हणे, "आजी, पडाल!" राहायला साधी लॉज मिळते, पण पांघरूण आपलं न्या. त्यांचं पांघरूण म्हणजे नुसतं नावाला.

दुसऱ्या दिवशी हातगड. सापुताऱ्याच्या अलीकडे फाटा आहे, तिथं उतरायचं. किल्ला छोटा. मला थांबत थांबत तास लागला, तुम्हाला अर्धाच लागेल. कातळात कोरलेल्या पायऱ्या, कातळातलेच दरवाजे, वर पाण्याची टाकी. ते दगड कुणी फोडले असतील, त्यांच्या हातांना किती फोड आले असतील! आणि वर पोहोचून बघते तर डोंगरामागं डोंगर, त्यामागं निळा, त्यामागं फिका निळा, आणि शेवटचा डोंगर की आभाळ ते कळेना. मी मटकन बसलेच. देवानं एवढं करून ठेवलंय आणि मी चाळीस-पन्नास मैलांवर शेवंतीच्या पाट्या भरत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सोनल? अगं, तू शिमल्यात आहेस ना?"

केतकी! आईबापांबरोबर जीप करून आलेली. स्कार्फातल्या डोळ्यांवरून पोरीनं पोरीला ओळखलं. सोनल दगडासारखी उभी. मला राहवेना. म्हटलं, "आलो की कालच! काय तो बर्फ, डोळे दिपले बाई!"

केतकीची आई म्हणाली, "अय्या, आजी तुम्हीपण गेला होता? कशानं गेलात हो?"

"एसटीनं," मी म्हटलं.

केतकीचे वडील तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखं करू लागले.

सोनलनं स्कार्फ खाली ओढला. "काकू, आम्ही कुठंच गेलो नव्हतो. मी घरीच होते. फोटो नेटवरचे आहेत."

"घरीच? मखमलाबादला?" केतकी खो खो हसली. "आता सगळ्या वर्गाला सांगते बघ!" मग एकाएकी बुरुजाच्या दगडावर बसली. "तुझे फोटो बघून मी आईशी किती भांडले माहितीये? कंजूष म्हणाले तिला. चार दिवस बोलले नाही."

तिची आई दरीकडे बघत म्हणाली, "म्हणून तर हिला इथं आणलं."

"सॉरी," सोनल म्हणाली. केतकी "असू दे" म्हणाली नाही. "ते फोटो काढून टाक," एवढंच म्हणाली आणि खाली उतरायला लागली.

पायथ्याला एक कोकणी बाई, म्हणजे इकडच्या डोंगरातली आदिवासी, स्ट्रॉबेरी विकते. "बस नं आजी, दमली असशील," म्हणत तिनं आम्हाला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी न् उडदाचं कालवण वाढलं. सोनलनं अख्खी भाकरी खाल्ली. परतीच्या गाडीत घाट उतरल्यावर म्हणाली, "आजी, शिमल्याला एसटीनं?" आणि हसता हसता रडायला लागली. मी पाठीवर हात फिरवत राहिले.

घरी आल्यावर तिनं ते फोटो काढून टाकले आणि खरं लिहिलं. काहींनी थट्टा केली. एकानं काय लिहिलं ते तिनं मला वाचूनसुद्धा दाखवलं नाही. दोन दिवस पुन्हा रडारड.

माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल, तर ते निळे डोंगर राहिले. आणि दुसरं, जरा टोचणारं. मी त्या कॉम्प्युटरच्या मशीनला नावं ठेवणार होते, पण माझ्यापुढं कुठलं मशीन होतं? पोरीची लाज झाकायला म्हणून खोटं किती सुरळीत आलं माझ्या तोंडून! हे मी वहीत लिहिते, सोनल कॉम्प्युटरवर चढवते. माझ्या खोट्याचं ते वाक्य गाळू का, असं तिनं विचारलं. नको म्हटलं.

सोमवारी कॉलेज उघडलं. सोनल डबा घेऊन दाराशी गेली, कडी काढली, आणि तिथंच थांबली.

"आजी, हसतील गं सगळे."

नाही हसणार, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"हसतील," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, चपला घातल्या आणि गेली.