क्रोशा मामींच्या नावावर

मनोहरमामा गेल्याचा शुभाचा फोन आला तेव्हा मी रायपूरला ऑफिसात होते. शुभा त्यांची एकुलती एक लेक. "ताई, बाबा गेले," एवढंच म्हणाली, आणि मग नुसतं रडणं ऐकू येत राहिलं... पुढे भिलाईत शोकसभा झाली. स्टील प्लांटमधल्या जुन्या सोबत्यांनी सांगितलं, की मामांनी रोलिंग मिलमध्ये उभं आयुष्य क्रेन चालवली, कुणाला साधं खरचटू दिलं नाही. सगळं खरं. पण ज्या गोष्टीत या माणसाचा जीव होता, तिचं कुणी नावही काढलं नाही. काढणार तरी कसं? ती त्यांनी कुणाला कळूच दिली नव्हती. माझे मामा क्रोशाचं विणकाम करायचे.

आता लोखंड उचलणारे हात आणि नाजूक धागा, असलं काव्य कुणी करू नये. क्रेन लिव्हरनं चालते, आणि मामांचे हात मुळात लहान, मऊ होते. आजीची नजर अधू झाली तेव्हा तिचं अर्ध्यावर राहिलेलं तोरण त्यांनी पूर्ण केलं आणि मग ती सुई काही सुटली नाही. कॉलेजच्या वर्षांत मी सेक्टर दहामधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये राहिले, तेव्हा हा उद्योग रोज बघायची. पहिल्या पाळीहून आले की आंघोळ, जेवण आणि मागच्या व्हरांड्यातली खुर्ची. बेल वाजली रे वाजली, की सुईधागा मामींच्या मांडीवर टाकून मामा पेपर उघडायचे. मामींना धड बटण लावता यायचं नाही. कुणी बाईनं "वहिनी, हा टाका कसा घातला?" म्हणून विचारलं, की "आता डोये दुखून राहिले माहे, मंग सांगतो," म्हणत त्या चहा टाकायला पळायच्या. शुभा आणि मी तोंडात ओढणी कोंबून हसायचो. मामाही पेपराआड हसायचे.

समोरच्या क्वार्टरमधले गृहस्थ रविवारी स्कूटर उघडून अंगणभर पार्ट मांडून बसत. सोमवारी ती स्कूटर ढकलतच न्यावी लागे, तरी साऱ्या स्ट्रीटवर ते हौशी म्हणून नावाजलेले. कुणी कुंड्यांत डेलिया फुलवायचं, कुणी गळ टाकून तलावावर बसायचं. पुरुषांच्या या हौशी, त्यांचं कौतुक. बायका दुपारभर विणत त्याला हौस कुणी म्हणत नसे, तो नुसता फावला वेळ. आणि तेच पुरुषानं केलं तर? "मामा, कावून लपवता?" असं मी एकदा विचारलंच. ते टाके मोजत म्हणाले, "अवं पोरी, शिफ्टमधी मले भाभीजी म्हणतीन. एकदा नाव पडलं का रिटायर होयेपर्यंत निघत नाही."

शुभाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र त्यांचं मन बदललं. मुलीकडची कलाकुसर रुखवत म्हणून मांडायची आपली पद्धत. ते सगळं रुखवत मामांनी एकट्यानं विणलं. तोरणं, रुमाल, बाळकृष्णाचा पाळणा, साखरेच्या पाण्यात बुडवून ताठ उभं केलेलं तुळशीवृंदावन... काम संपत आलं तेव्हा मला म्हणाले, "या टायमाले सांगून देतो सगळ्यायले. लेकीचं लगन हाय, आता काय लपवाचं?" इतकं हलकं झालेलं त्यांचं तोंड मी आधी पाहिलं नव्हतं.

लग्नात ते रुखवताच्या टेबलापाशीच घुटमळत होते. इथली घडी सरळ कर, तिथली झालर ओढ, असं चाललेलं. नवरदेवाच्या आत्याबाई आल्या, बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "किती सुरेख! कोणी केलं हो?" मामांनी घसा खाकरला. नेमकी त्याच वेळी त्यांच्या शिफ्टमधली मंडळी जेवून तिकडे आली. मामींनी त्यांना पाहिलं आणि पटकन म्हणाल्या, "मी केलं." नवऱ्याची लाज राखायची इतक्या वर्षांची सवय, दुसरं काही नाही. मामांनी हातातली झालर सोडली. मग म्हणाले, "हाव, यायनंच केलं," आणि पंगतीकडे निघून गेले.

त्यानंतर त्यांनी सुई हातात धरली नाही. रिटायर झाले, नेहरू नगरात घर बांधलं, वेळच वेळ होता. मामी धाग्याची रिळं आणून समोर ठेवायच्या. "डोये साथ देत नाही," म्हणायचे आणि टीव्ही लावायचे. मामींचंच जुनं कारण. मला राग येतो, अजूनही येतो. पण कुणावर काढावा ते कळत नाही. मामींनी त्यांना जपलं होतं. जपता जपता त्यांच्या तोंडचं वाक्य तेवढं काढून घेतलं.

दिवसपाण्यानंतरही बायका भेटायला येत होत्या. मामांच्या फोटोखाली शुभानं रुखवतातला गोल रुमाल आणून अंथरला होता. शेजारच्या बाईंनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, काय कला हाय वं तुमच्या हातात!"

"माह्या हातची नाही ते," मामी म्हणाल्या. आवाज स्पष्ट होता. "यायनं केलं. रुखवतही सगळं यायनंच केलं. मले काहीच येत नाही."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मामींचा हात आपल्या हातात घेतला. "किती जीव होता वं माय तुमचा त्यायच्यावर! आपल्या हातचं कामही त्यायच्या नावावर करून राहिल्या..."

बाकीच्यांनी पदर डोळ्यांना लावले. मामी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "काकू, खरंच मामांनी केलंय ते."

त्यांनी माझ्याही पाठीवरून हात फिरवला.