ठळक रेघेचे हिंदुराव

वस्तू: मानवी रक्त, हत्तीरोगाने बाधित. स्रोत: पुरुष, पन्नाशीतला, मूळ गाव सोलापूरकडे, हल्ली मुक्काम चिखली. उपयोग: तपासणीच्या पट्ट्यांची प्रत्येक बॅच पडताळणे. दर्जा: उत्तम व सातत्यपूर्ण. साठवण: थंड जागी.

यातले रक्त फ्रीजमध्ये असे, आणि स्रोत, म्हणजे हिंदुराव, चाकणच्या त्याच कंपनीच्या गेटवर खुर्चीत.

आधी ते पॅकिंगला खोकी उचलायचे. हत्तीरोगाचे जंत पूर्वी रात्रीच्या रक्तातच सापडत; त्यासाठी झोपलेली गावे उठवावी लागत. कंपनीने दिवसाढवळ्या, बोटाच्या थेंबावर चालणारी पट्टी काढली; रोग असला की तिच्यावर रेघ उमटे. कामगारांवर ती करून पाहिली, तेव्हा हिंदुरावांची रेघ अशी काही ठळक उमटली, की प्रयोगशाळेच्या सुहासिनी मॅडमनी ती सगळ्यांना बोलावून दाखवली. जन्मात कुणी शाबासकी न दिलेल्या माणसाला हे चढणारच.

"मामा, दर बॅचला थोडं रक्त द्याल? खोकी बंद. गेटवर बसायचं."

"आन् औषध, मॅडम?"

"औषध घेतलं की रेघ फिकी होईल. थांबू या की जरा. दुखतंय का कुठे?"

दुखत नव्हते. डावा पाय नुसता सुजू लागला.

"अवो, सूज सकाळी उतरायची, आता मुक्कामालाच आली," बायको सुभद्राबाई म्हणाल्या.

"मॅडम थांबा म्हणाल्यात."

"मॅडमचा हाय व्हय पाय?"

जत्रेला दोघे गावी गेले, तर आरोग्य खात्याची आशाताई, साक्षी, दारात. हातात तीच पट्टी. रेघ उमटली, तसे हिंदुराव हरखले. "आमच्या कंपनीची हाय ही!"

"असू द्या काका. गोळ्या घ्या. माझ्यासमोर गिळायच्या."

त्यांनी गोळ्या गालात सरकवल्या, पाणी प्यायले, शहाण्या पोरासारखा आ करून दाखवला. साक्षी पुढच्या घरी गेल्यावर ते गोठ्यामागे जाऊन थुंकले. सुभद्राबाईंनी पाहिलेच.

"रेघ गेली की खुर्ची गेली," ते त्यांच्यावरच खेकसले. "मग खोकी उचलाय तू येतीस का?"



काही वर्षांनी प्रयोगशाळेला रक्ताशिवाय चालणारा कृत्रिम नमुना साधला. त्याला पगार नको, खुर्ची नको, जत्रेची रजा नको. सुहासिनी मॅडमनी त्याच दिवशी हिंदुरावांना गोळ्या दिल्या, पाण्याचा पेलाही स्वतः पुढे केला.

"घ्या मामा, आता बिनधास्त."

गोळ्यांनी जंत मेले. पाय मात्र असाच राहणार, डॉक्टर म्हणाले.

कागदावर शेरा पडला: स्रोत कार्यमुक्त, पूर्णतः रोगमुक्त, मूळ कामावर रुजू होण्यास पात्र.

पॅकिंगला युनिफॉर्मची सक्ती आहे. हिंदुरावांचा डावा पाय पँटमध्ये जात नाही.