माईंचा कॉम्प्युटर मी झटपट केला

चहा गाळून होतोय तोवर सांगून टाकतो, नंतर हिंमत व्हायची नाही. चुका माझ्या हातून पुष्कळ झाल्या, पण रत्नागिरीतल्या तमाम लग्नाळू मंडळींचं वय एका सकाळी बदलून टाकायचा पराक्रम एकदाच झाला. आणि तो कशासाठी? तर कॉम्प्युटर लवकर सुरू व्हावा म्हणून!

साल अठ्ठ्याऐंशी. रामआळीच्या मागे माईंचं वधू-वर सूचक केंद्र होतं आणि मी तिथे कामाला होतो. माई म्हणजे साठी उलटलेल्या, नऊवारीतल्या, तोंडाने फटकळ पण शब्दाला पक्क्या. वीस वर्षं त्यांनी लग्नं जुळवली ती एकाच नियमावर. "सावळीस गव्हाळ म्हणा हवं तर. पण वय खोटं सांगायचं नाही!" कुणा बापाने मुलीचं एखादं वर्ष चोरलं की माई शाळेचा दाखला मागायच्या.

त्यांचा मुलगा मुंबईला. त्याच्या ऑफिसातून बाद झालेला एक कॉम्प्युटर त्याने आईला पाठवला. यादी तयार करायचा प्रोग्रॅमही त्यानेच लिहून दिला. सगळ्यांची माहिती मी आत घातली. दर आठवड्याला यादी छापायची आणि घरोघर टपालाने पाठवायची, मुलींची मुलांकडे, मुलांची मुलींकडे. झकास!

पण ते मशीन सुरू करणं म्हणजे रुसलेल्या जावयाला जेवायला उठवण्यासारखं. आधी घूंऽऽ करायचं. मग आपली स्मरणशक्ती मोजत बसायचं. मग फ्लॉपी करकरायची. आणि मग विचारायचं, आजची तारीख काय? तीही उलटी, आधी महिना, मग दिवस. चुकलं की परत विचार. ते झालं की, आता वाजले किती?

"मेल्या, भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, ते दिसत नाय?" माई त्या मशीनवर ओरडायच्या.

बरं, हे दिवसातून एकदा असतं तर चाललं असतं. पण आमच्याकडे वीज म्हणजे पाहुणी. चारदा यायची, चारदा जायची. प्रत्येक वेळी तेच रामायण. समोर मुलीचे वडील छत्री गुडघ्यात धरून बसलेले आणि आम्ही यंत्राला तारीख सांगतोय!

शेवटी मी मशीनबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. तीन दिवस वाचलं. एक चतकोर समजलं. तेवढ्या भांडवलावर मी फ्लॉपीवर एक चिमुकली फाईल लिहिली. तिचा अर्थ एवढाच, की सुरू झालास की काही विचारू नको, थेट यादीवर जा.

आणि काय सांगू, गेलं की थेट! तारीख नाही, वेळ नाही, कटकट नाही. माई तर टाळ्या वाजवायच्या बाकी राहिल्या होत्या. आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या वशानं जादू केलीन हो!" मला नारळाच्या वड्यांचा डबा मिळाला.

त्यात गंमत बघा, मशीन इतकं चपळ झालं, की यादीसुद्धा निम्म्या वेळात छापून व्हायला लागली. कागदही निम्मे. मला वाटलं, वा! हात लावीन तिथे सोनं! यादी निम्मीच का झाली, असा प्रश्न मला पडायला हवा होता, नाही का? नाही पडला. माईंना मोतीबिंदू, त्यात यादी इंग्रजी अक्षरांत. त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता.

आणि पत्रांचा पाऊस सुरू झाला! एरवी आठवड्याला चार पत्रं यायची, ती तीस-तीस यायला लागली. त्यातली काही चक्क सुलभाबाईंसाठी.

सुलभाबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. वय सत्तावीस. आमच्याकडे नाव घालून चार वर्षं झालेली. स्थळं यायची, वय ऐकून "कळवतो" म्हणायची आणि कळवायची नाहीत. दर शनिवारी शाळा सुटली की बाई केंद्रात डोकावायच्या, "काही आलंय का, वसंतराव?" मी मान खाली घालून म्हणायचो, "अजून नाही, बाई." शनिवार आला की मी इस्त्रीचा शर्ट घालायचो. एवढ्यावर समजून घ्या.

त्या शनिवारी मी त्यांच्या हातात सात पत्रं ठेवली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा मोजली. मग पदराने चष्मा पुसला.

पहिली मंडळी गुहागरहून बघायला आली. पोहे झाले, नारळपाणी झालं. मग मुलाच्या मामाने सहज विचारलं, "शाळेत लागून किती वर्षं झाली?"

"सहा," बाई म्हणाल्या.

मामाने खिशातून आमची यादी काढली. "म्हणजे तेराव्या वर्षी मास्तरीण झालात? इथे वय एकोणीस छापलंय! आम्हाला काय खुळे समजलात?"

आणि मंडळी उठून गेली. बाईंचे वडील ओटीवरून "अहो, ऐका तरी" म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई केंद्रात आल्या. शनिवार नव्हता. मामा टाकून गेले होते तीच यादी त्यांनी माईंच्या पुढ्यात ठेवली.

"माई, गिऱ्हाईक यावं म्हणून माझं वय चोरलंत? तुम्ही?"

माईंचा चेहरा पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "बाळा, देवाशपथ... मी असं कधी केलं नाय गो."

बाईंनी यादीच्या डोक्यावर बोट ठेवलं. "आणि ही तारीख कसली? एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी?"

तारीख! त्या मशीनच्या पोटात घड्याळच नव्हतं. विजेबरोबर ते सगळं विसरायचं, म्हणून बिचारं दरवेळी विचारायचं. आपण सांगितलं नाही, की ते धरून चालायचं, की आज ऐंशी सालातला पहिला दिवस आहे. आणि वय तर त्याच तारखेवरून काढलं जायचं. म्हणजे सगळा जिल्हा आठ वर्षांनी लहान! अठराच्या आतल्या मुली आणि एकविसाच्या आतले मुलगे प्रोग्रॅम आपोआप गाळायचा. खरोखरीच्या तरण्या पोरी त्यामुळे गळाल्या आणि थोराड तेवढे कोवळे होऊन यादीत राहिले.

गप्प बसलो असतो तर खपलं असतं. माई तर म्हणतच होत्या, "मशीन बिघडलं असेल." खोटं कशाला बोलू, दोन क्षण मी गप्प बसलोही. त्या दोन क्षणांची लाज मला अजून वाटते.

मग म्हणालो, "बाई, मशीन नाही. मी. ते लवकर सुरू व्हावं म्हणून मी त्याला तारीख विचारायची बंद केली."

"किती वेळ वाचला?" गणिताच्याच बाई त्या!

"दरवेळी तीन मिनिटं."

त्यांनी यादीची घडी घातली आणि निघून गेल्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माईंनी मला हाकललं नाही. फक्त म्हणाल्या, "पोस्टकार्डं आण." यादी गेली होती त्या प्रत्येक घराला मी हाताने माफीपत्र लिहिलं, प्रत्येकाचं खरं वय घालून. बोटांना घट्टे पडले. बाईंबद्दल लिहिताना वय सत्तावीस लिहिलं. मग राहवेना म्हणून पुढे लिहिलं, 'स्वभावाने शांत, हुशार, अत्यंत सज्जन. चूक सर्वस्वी आमची.'

केळशीहून एका ओव्हरसियरचं उलट टपाली उत्तर आलं. 'मीही सत्तावीसचा नसून पस्तीसचा आहे. आपण ज्यांची एवढी प्रामाणिक शिफारस केलीत, त्यांना भेटायला आवडेल.'

आवडलं. दोघांनाही.

बाई पत्रिका द्यायला आल्या तेव्हा माई आत होत्या. पत्रिका माझ्या हातात ठेवून बाई जरा घुटमळल्या.

"एक विचारू, वसंतराव? माई मागे म्हणाल्या होत्या, की तुम्हीही नाव घातलंय. ते पुढच्या यादीत येईल म्हणून मी महिनाभर बघत होते. आलंच नाही. काढून घेतलंत का?"

घातलं होतं हो! तोंडाने बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून फक्त माईंना सांगून यादीत नाव घातलं होतं, ती त्यांच्या हातात पडेल म्हणून. ते छापलं गेलं की नाही, हे बघायचंही धाडस झालं नव्हतं. वय अठ्ठावीस. अठ्ठावीसातून आठ गेले, वीस.

"नाही, काढलं नाही, बाई," मी म्हणालो. "मीच... अज्ञान ठरलो."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी विनोद केला. आणि लग्नाचं वय झालं नाही म्हणून ज्याचं लग्न हुकलं, असा रत्नागिरी जिल्ह्यातला एकमेव घोडनवरा पत्रिका हातात घेऊन म्हणाला, "येतो की. वाढायला माणसं लागतील ना?"