तालिवाका नावाचा शेवटचा माणूस

परवा मंगळवारी इथे लंडनजवळ, वॉटफर्डच्या लायब्ररीत सेला आली. अंगात काळा कोट आणि त्यावरून कमरेला गुंडाळलेली एक जुनी, कडा फाटलेली चटई... बसमध्ये सगळे बघत होते म्हणाली. त्यांच्या पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर घरातलं माणूस गेलं की अशी चटई नेसतात, हे तिच्या वडिलांनीच मला सांगितलं होतं. त्यामुळे काय झालं ते तिला सांगावंच लागलं नाही.

तिचे वडील म्हणजे मिस्टर तालिवाका. वय ऐंशीच्या पुढे, जन्म टोंगाचा, उमेदीची सगळी वर्षं इथे बस चालवण्यात गेलेली. मी दर मंगळवारी लायब्ररीत लोकांना फॅमिली ट्री शोधायला मदत करते, व्हॉलंटियर म्हणून. ऑक्टोबरमध्ये ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, माझ्या आडनावाचं जगात अजून कोणी आहे का, तेवढं बघून द्या.

मी पडले मराठी डोक्याची. पहिला प्रश्न विचारला, "हे गाव कुठे आलं?" आडनाव म्हटलं की त्यामागे एखादं गाव असणार, अशी आपली समजूत. ते पोट धरून हसले.

ते गाव नव्हतंच. ते त्यांच्या आजोबांचं पाळण्यातलं नाव. आजोबा जन्मले तेव्हा त्यांचे वडील होडी घेऊन गेलेले, परतले नव्हते. म्हणून घरच्यांनी नाव ठेवलं तालिवाका, होडीची वाट बघणारा. पुढे मिशनच्या शाळेत त्यांच्या मुलांना आडनाव विचारलं, त्यांनी बापाचं नाव सांगितलं आणि तेच कायमचं चिकटलं. म्हणजे या आडनावाचं जे कोणी सापडेल ते त्या एका माणसाच्याच घरातलं.

आम्ही तीन महिने शोधलं... इथे, न्यूझीलंडमध्ये, ऑस्ट्रेलियात. कुणाला नुसत्या मुलीच, त्यांची लग्नं होऊन नावं बदललेली. कुणाला मूलच नाही. सेलाचंही आडनाव लग्नानंतर बदललेलं. शेवटी स्क्रीनवर दोनच नावं उरली, त्यांचं आणि कुणा टेविताचं.

मला काय उत्साह! म्हटलं, "मिस्टर तालिवाका, यू आर सो रेअर! तुम्ही आणि हे टेविता, बस्स, जगात तिसरं कोणी नाही."

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. टेविता त्यांचा मुलगा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हार्ट अटॅकने गेला होता, अडतिसाव्या वर्षी... माझं तोंड नेहमी माझ्यापुढे धावतं. त्या दिवशी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग हळूहळू त्यांनी बाकीचं सांगितलं. टेविताची पार्टनर केट प्रेग्नंट होती. लग्न झालेलं नव्हतं, आणि बाळाला ती स्वतःचंच आडनाव लावणार होती. "तिचा माणूस गेलाय. मी तिच्याकडे अजून काय मागू?" म्हणाले. त्यात फ्युनरलवरून केटचं आणि सेलाचं जोरदार वाजलेलं, तेव्हापासून बोलणं बंद.

मी आपलं सहज म्हटलं, "पण बाळाचं नाव तर आत्याच ठेवणार ना? आमच्यात बारशाला तो तिचा मान असतो."

त्यांनी चष्मा काढला. "आमच्यातही," म्हणाले. "बापाची बहीण. तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही." त्यांच्या आजोबांचं तालिवाका हे नावही आजोबांच्या आत्यानेच ठेवलेलं, हे मग त्यांनी सांगितलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मीही आत्या आहे... दादाशी भांडण झालं होतं म्हणून त्याच्या मुलाच्या बारशाला मी पुण्याला गेलेच नाही. रजा मिळत नाही, असं धडधडीत खोटं सांगितलं. नाव शेजारच्या काकूंनी ठेवलं.

जानेवारीत मिस्टर तालिवाका यायचे थांबले. छातीत इन्फेक्शन झालंय, हॉस्पिटलमध्ये आहेत, एवढं डेस्कवर कळलं. मी त्यांचा नंबर कधी घेतलाच नव्हता. जाऊन यायला हवं होतं... नाही गेले.

परवा सेला टेबलापाशी बसली आणि सांगायला लागली. डॅड गेले. त्यानंतर चार आठवड्यांनी बाळ झालं. आणि केटचा फोन आला.

"मला वाटलं, आता परत भांडण. तर ती म्हणाली, तुझ्या डॅडनी हॉस्पिटलमध्ये मला एकच गोष्ट सांगितली, बाळाचं नाव तुला ठेवू द्यायचं. मी त्यांना विचारलं कुठलं, तर म्हणाले, ते तिचं काम आहे, आय कान्ट से."

म्हणजे शेवटपर्यंत त्यांनी नाव मागितलं नाही! फक्त आत्याला तिचा मान देऊन गेले.

सेला केटकडे गेली. केटने मुलगी तिच्या हातात दिली. दोघी खूप रडल्या म्हणे. आणि सेलाने नाव ठेवलं, तालिवाका. आडनाव केटचं.

तेव्हा आडनाव म्हणाल तर ते संपलं. ज्या माणसाला ते पुढे जायला हवं होतं, तो शेवटचा. सेलाने मला वडिलांच्या शोधाची फाइल बंद करायला सांगितली. मी केली, आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

संध्याकाळी दादाच्या घरी फोन लावला. भाच्याने उचलला. दहावीत आहे आता, आवाज फुटलाय. "कोण बोलतंय?" म्हणाला. "आत्या," म्हटलं... आणि पुढे मला बोलताच येईना. त्याने फोन ठेवला नाही. "आहे मी, बोल ना," म्हणत थांबून राहिला.

छोटी तालिवाका आठ पौंडांची आहे आणि दिवसभर रडते, असं सेला सांगत होती.

मिस्टर तालिवाका, अजून चार आठवडे थांबायला हवं होतं तुम्ही... चारच आठवडे.