दुसऱ्या पानावर गेलेलं उत्तर

लहान मुलांच्या त्या दवाखान्यात शिरलं की समोर ताई बसलेल्या दिसायच्या. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. नावं लिहून घ्यायची, रडणाऱ्या पोराला वजनकाट्यावर बसवायचं, आईबापांना धीर द्यायचा, हे त्यांचं काम. दुसऱ्याला धीर देणारी ही बाई स्वतः मात्र कमालीची भित्री होती. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायच्या, जिना उतरायच्या आणि परत वर जाऊन ओढून बघायच्या. नवऱ्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. तो म्हणायचा, "जग माझ्या कुलपांवर विश्वास ठेवतं, फक्त माझी बायको ठेवत नाही." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं होतं त्यांचं. फोन वाजला तरी आधी मनात वाईट बातमी यायची, मग हात फोनकडे जायचा.

दवाखान्याच्या डॉक्टरबाई ब्लॉग लिहायच्या. मुलांचा ताप, दात येणं, रात्रीचं रडणं, असे साध्या भाषेतले लेख. हळूहळू वाचक इतके वाढले की लेखाखाली प्रतिक्रियांची जत्रा भरायला लागली. एका आईचा प्रश्न, त्याखाली दुसऱ्याच कुणाचे आभार, मध्येच चपलांची जाहिरात, आणि या सगळ्यात घुसलेले ट्रॅकबॅक. ट्रॅकबॅक म्हणजे वर्दी. दुसऱ्या कुणी स्वतःच्या ब्लॉगवर लिहिताना डॉक्टरबाईंच्या लेखाचा दुवा दिला की त्या लिखाणाचा एक तुकडा इथे आपोआप येऊन पडायचा. उत्तर एकीकडे आणि प्रश्न भलतीकडेच, अशी गत झाली होती.

"ताई, एवढं जरा नीट लावून द्याल का?" डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं. "तुमच्यासारखी टापटीप मला जन्मात जमायची नाही."

"माझ्या हातून काही पुसलं गेलं तर?"

"तर मी परत लिहीन. त्यात काय?"

ताई भीत भीत शिकल्या. कचरा उपसून टाकला. प्रत्येक प्रश्नाच्या पोटात त्याचं उत्तर बसवलं. नवीन प्रतिक्रिया वर आणल्या, जुन्या झाल्या की आपोआप दुसऱ्या पानावर जातील अशी सोय केली. ट्रॅकबॅक मात्र सगळे वेचून तळाशी एका मिटलेल्या यादीत घातले, सवड मिळेल तेव्हा बघायचे म्हणून. त्यांत नाहीतरी निम्म्याहून जास्त केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती असत. पान असं स्वच्छ झालं की वाचकांनी त्याबद्दलही आभार मानले. नवऱ्याने त्यांचं नाव 'गाळणी' ठेवलं, आणि ते त्यांना मनातून आवडलंही.

एका दुपारी डॉक्टरबाई परिषदेला निघाल्या होत्या, विमानात होत्या. दवाखाना बंद होता. ताई एकट्याच मागच्या खोलीत बसून साचलेले ट्रॅकबॅक काढायला लागल्या. तेल, चपला, तेल, कुणाची तरी भाषांतरित बडबड. त्यानंतर एक तुकडा आला. आदल्या दिवशीचा नाही, त्याच सकाळचा.

"...रिमोटमधला तो चपटा गोल सेल कालपासून सापडत नाहीये. आमच्या चिरंजीवांनी गिळला की काय देव जाणे. पण खेळतोय मजेत, थोडी लाळ गळतेय एवढंच. डॉक्टरबाईंनी लिहिलंच आहे की गिळलेली वस्तू बहुतेक वेळा आपणहून बाहेर पडते, म्हणून आम्हीही निवांत वाट बघतोय..."

ताईंनी वाचलं आणि सवयीने पुढे सरकल्या. मग हात थांबला. गोल सेल. याच्यावर डॉक्टरबाईंनी काहीतरी लिहिलं होतं. लेखात नव्हे, खाली, कुणाला तरी उत्तर म्हणून. त्यांनी 'मुलं काय काय गिळतात' हा लेख उघडला, वरपासून खालपर्यंत पाहिला. नव्हतं. परत पाहिला. मग दुसऱ्या पानावर गेल्या आणि तिथे ते होतं.

"नाणं, मणी, बटण यांची गोष्ट वेगळी. गोल सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नका. तो अन्ननलिकेत अडकला तर बघता बघता आतून भाजतं. मूल हसत-खेळत असलं तरी लगेच एक्स-रे निघेल अशा इस्पितळात न्या. खायला देऊ नका, उलटी काढू नका."

हे उत्तर कित्येक महिने पहिल्या पानावर होतं. तिथून मागे गेलं होतं ते त्यांच्या टापटिपीमुळे. आणि ही वर्दी सकाळपासून मिटलेल्या यादीत पडून होती, तेही त्यांनीच मिटलेल्या.

त्यांनी त्या आईचा ब्लॉग उघडला. फुलाफुलांचं पान, मुलाचा पाठमोरा फोटो, कुरळे केस. नाव नाही, पत्ता नाही. खाली प्रतिक्रियेची चौकट होती. त्यांनी लिहिलं, "वाट बघू नका, आत्ता इस्पितळात न्या," आणि डॉक्टरबाईंचं उत्तर सगळंच्या सगळं चिकटवलं. पाठवलं. वर ओळ उमटली: तुमची प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.

दवाखान्याच्या ब्लॉगवर हीच ओळ त्या रोज पन्नास जणांना दाखवत होत्या. पलीकडे त्या माणसाला काय वाटत असेल, हा विचार कधी मनात आला नव्हता.

डॉक्टरबाईंचा फोन अर्थातच बंद. ताईंनी नवऱ्याला लावला.

"अगं, पण ती कोण, कुठली, तुला काय ठाऊक?" तो म्हणाला.

"तेच तर ठाऊक नाही. काय करू सांगा ना."

दुकानात कुणीतरी किल्ली घासत होतं, तो आवाज क्षणभर थांबला. "हे बघ, दार उघडत नसलं की आम्ही खिडकी बघतो. तिला ओळखणारं कुणी तिथे लिहीत असेल. घरचं माणूस. ते शोध."

ताईंनी मग त्या बाईच्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया चाळायला घेतल्या. अनोळखी लोक एका प्रकारे लिहितात आणि घरचे दुसऱ्या, हे इतक्या दिवसांत त्यांना कळत होतं. 'छान लेख', 'अप्रतिम' वगैरे त्यांनी सोडून दिलं. मग एक सापडली: "अगं बयो, ते जावळ काप आता त्याचं, डोळ्यात जातंय." खाली सही, 'तुझी मोठी जाऊ'. त्या सहीवर बोट ठेवल्यावर जावेचाच ब्लॉग उघडला. शिवणाचा क्लास होता तिचा, आणि वर ठळक अक्षरांत फोन नंबर.

ताईंनी नंबर लावला. आपण डॉक्टर नाही. आपलं चुकलं तर? सेल एव्हाना सोफ्याखाली सापडला असेल तर? आणि नसेल सापडला तर?

"शिवणक्लास. बोला."

"मी मुलांच्या दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या धाकट्या जाऊबाईंच्या बाळाने सेल गिळला असण्याची शक्यता आहे. त्याला लगेच इस्पितळात न्यायला हवं."

मागे शिलाई मशीन चालू होतं, ते बंद झालं. "कोण बोलतंय? आमच्या घरातलं तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांनीच ब्लॉगवर लिहिलंय आज सकाळी."

"हो का. आणि नंबर माझा लावलात. हल्ली फोनवर काय काय प्रकार चालतात ते माहीत आहे मला. आता पैसे भरायला सांगाल."

"नाही हो." ताईंचा आवाज चिरकला. "माझ्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. हा फोन ठेवा आणि त्यांना लावा. सेल सापडला का, एवढंच विचारा. सापडला असेल तर मला खुशाल वेडी म्हणा. पण नसेल सापडला तर एक मिनिटही घालवू नका. त्याला खायला काही देऊ नका म्हणावं."

मग फोन कट झाला.

त्यानंतरचा वेळ ताईंना पुढे कधी धड सांगता आला नाही. त्या खोलीत येरझारा घालत होत्या. वजनकाटा पुसला, पुन्हा पुसला. त्या जावेने फोन केला असेल की शिष्यिणींना सांगून हसत असेल? परत लावावा, तर ती उचलणारच नाही. पोलिसांना काय सांगणार, कोणत्या घरी जा म्हणून? त्या बाळाचे कुरळे केस सारखे डोळ्यांपुढे यायचे. चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तिथे दवाखान्यात येणाऱ्या एकेका मुलाचा चेहरा बसायचा आणि तो बघवत नव्हता.

नवरा दुकान नोकरावर टाकून आला आणि बाकावर बसून राहिला. पुष्कळ उशिराने फोन वाजला. ताईंना उचलवेना. त्यानेच उचलून त्यांच्या कानाला लावला.

"मी क्लासवाली." तिला धाप लागली होती. "सेल सापडला नव्हता. दुपारी त्याने घास तोंडातून काढून टाकला, पाणीही गिळेना, तरी ही म्हणते दात येताहेत. मी रिक्षा घेऊन गेले आणि उचललंच त्याला. एक्स-रेत दिसतोय तो. आत नेलंय आता." मग थोडं थांबून, "मी तुम्हाला काय काय बोलले."

"ते राहू द्या," ताई म्हणाल्या. "पुढचं कळवा."

सेल निघाला, पण अन्ननलिका भाजली होती. विमान उतरल्यावर डॉक्टरबाईंनी त्या इस्पितळाशी बोलून ताईंना खरं ते सांगितलं, "निघाला म्हणजे सुटलो असं नाही. जखम पुढे बिघडू शकते. काही आठवडे काहीच सांगता येणार नाही." ते आठवडे ताईंनी जीव मुठीत धरून काढले. बाळाला नाकातल्या नळीने दूध जात होतं. एकदा ताप चढला, तेव्हा त्या दिवसभर दवाखान्यात नावं चुकीची लिहीत होत्या. मग हळूहळू नळी निघाली, तो पातळ गिळायला लागला, पुढे घट्टही. आवाज मात्र बरेच महिने घोगरा राहिला.

तो चालायला लागल्यावर त्याची आई त्याला घेऊन दवाखान्यात आली. तरुण होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तुमची प्रतिक्रिया मी घरी आल्यावर मंजूर केली," ती म्हणाली. "पार शिळी झाल्यावर."

ताईंना राहवलं नाही. "ते सेलचं उत्तर आधी पहिल्या पानावर होतं. मी लावालावी करताना मागे गेलं. तुम्हाला दिसलं असतं, तर..."

ती बाई मुलाच्या बुटाचा बंद बांधत खाली बघत राहिली. "पहिल्या पानावरचं तरी कुठे सगळं वाचलं होतं मी? मला वाटच बघायची होती, ताई. सगळं सोडून इस्पितळात धावायची भीती वाटत होती. म्हणून 'वाट बघा' लिहिलेलं तेवढंच दिसलं."

डॉक्टरबाईंनी तो इशारा आता लेखाच्या पहिल्याच ओळीत घातला आहे. 'हे मी आधीच करायला हवं होतं,' असंही त्यांनी तिथे लिहिलं. ताईंनी हे काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून विनवलं होतं, पण दुसरं होतं कोण? मग त्यांनी ट्रॅकबॅक तळातून काढून सगळ्यांत वर घेतले. दवाखाना उघडला की पहिल्यांदा तेच वाचतात, तेलाच्या जाहिरातींसकट, शेवटच्या ओळीपर्यंत. रोज यादी उघडताना छातीत धडधडतं, ते काही थांबलेलं नाही.

परवा कुणीतरी प्रश्न टाकला होता, मुलाने नाकात शेंगदाणा घातलाय, घरच्या घरी चिमट्याने काढू का? आत डॉक्टरबाई एका तान्ह्याला तपासत होत्या. ताई उठल्या आणि दार न वाजवताच आत गेल्या.