क्रशरवाल्याचं भाषण

खडी भरलेला डंपर शेजारून गेला की वणी रस्त्यावरच्या आमच्या शाळेतला पर्यावरण दिन आठवतो. शेजारच्या खडी क्रशरचा मालकच प्रमुख पाहुणा होता. तो येण्याआधी मुलांकडून शाळेतल्या झाडांची क्रशरच्या धुळीनं पांढरी पडलेली पानं धुऊन घेतली होती. "स्वच्छ हवा हा प्रत्येकाचा हक्क आहे," असं तो हॉलमध्ये माइकवर सांगत असतानाच पाचवीतली एक मुलगी खोकायला लागली. खोकला थांबेना. मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले, "मॅडम, तिला बाहेर न्या, साहेबांना डिस्टर्ब होतंय." मी तिला पटांगणातल्या धुरळ्यात नेलं. "मॅडम, मी मुद्दाम नाय खोकले," ती म्हणाली. आत टाळ्या वाजल्या. त्या मालकाची आणि मुख्याध्यापकांची मला आजही किळस येते. मी निमूट तिला घेऊन बाहेर गेले म्हणून स्वतःची जरा जास्तच.